मदत हवी आहे: चंद्राच्या जुन्या नकाशावरच्या पेन्सिलच्या नोंदी

अमेरिकी हवाई दलाच्या सेंट लुईस केंद्राने छापलेला, १९६० च्या दशकातला कोपर्निकस विवराचा नकाशा (‘एलएसी’ या चांद्र नकाशामालिकेतला क्र. ५८, प्रमाण १:१०,००,०००) मिळाला आहे. त्यावर लाल पेन्सिलीने वर्तुळं आणि अंतरं लिहिली आहेत. ह्यूस्टनच्या ल्यूनर अँड प्लॅनेटरी इन्स्टिट्यूटच्या स्कॅनशी ताडून पाहिलं: छपाई तीच, नोंदी मात्र फक्त माझ्या प्रतीवर. दिशा १९६१ नंतरच्या पद्धतीच्या, म्हणजे मारे क्रिसियम हे चंद्रावरचं गडद मैदान पूर्वेला धरणाऱ्या. पण तेवढ्याने काय सिद्ध होणार! विक्रेत्याकडे पूर्वेतिहास नाही. खोडून बघणं, लॅमिनेशन वगैरे नको. कागद घड्यांवर फाटतोय. नोंदी अपोलोच्या काळातल्या की नंतर कुणी हौसेने केलेल्या, हे नकाशाला धक्का न लावता कसं ओळखायचं?