लिस्बनला चारच दिवस आहेत? मग सिन्त्रा यादीतून काढा

उतरंड

लिस्बनला निघालेल्या मराठी मंडळींच्या याद्या बहुतेक सारख्याच असतात. पहिल्या दिवशी शहर, दुसऱ्या दिवशी नदीकाठचं बेलें, तिसऱ्या दिवशी सिन्त्रा हे डोंगरावरच्या राजवाड्यांचं गाव आणि काबु दा रोकाचा कडा, चौथ्या दिवशी फातिमा नाहीतर ओबिदुश. ज्या शहरासाठी एवढी तंगडतोड करून यायचं, त्याच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस. माझं मत: चार दिवस असतील तर चारही लिस्बनला द्या. सिन्त्राला जाऊच नका.

सिन्त्राचा हिशेब मांडून बघा. रोसिउ स्थानकातून गाडीला चाळीस मिनिटं. उतरल्यावर 434 नंबरच्या बसची रांग. टेकडीवर खासगी गाड्यांना बंदी असल्याने सगळा लोंढा याच बसवर येतो आणि उन्हाळ्यात अर्धा तास तिथेच मोडतो. पुढे पेना राजवाडा. तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती राजवाड्याच्या दाराची, उद्यानाच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून दारापर्यंत चढ आहे, अर्धा तास हाताशी ठेवावा लागतो. वेळ चुकली की आत सोडत नाहीत, माणशी वीस युरो पाण्यात. आत गेल्यावर दोरीमागून सरकत पाऊण-एक तासात माणूस बाहेर. शिवाय ही टेकडी अटलांटिकवरचे ढग अडवते. लिस्बनमध्ये कडक ऊन असतं आणि वर इतकं धुकं, की तो लाल-पिवळा राजवाडा समोर असून दिसत नाही. सकाळी साडेसातला निघून संध्याकाळी सातला परत, आणि हाती काय लागलं?

तोच दिवस शहरात असा घालवा. मार्तिं मोनीझहून 734 ची बस पकडून ग्रासाला चढा. 28 नंबरच्या ट्रॅमसाठी तासभर उभं राहू नका, तिथे पाकीटमारही असतात. सेन्योरा दु मोंत या टेकडीवरून सगळं शहर आणि तेजू नदी दिसते. मग पायी उतरायला लागा. मंगळवार किंवा शनिवार असेल तर वाटेत काम्पु द सान्ता क्लाराला जुना बाजार भरतो. त्याच्याच शेजारी पांढऱ्या घुमटाचं सान्ता एन्ग्रासिया चर्च आहे. 1682 ला सुरू झालेलं हे काम 1966 ला संपलं, म्हणून रखडलेल्या कोणत्याही कामाला पोर्तुगीज लोक ‘सान्ता एन्ग्रासियाचं काम’ म्हणतात. तिथून आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्या. 1755 च्या भूकंपात खालचा बायशा भाग कोसळला, तो नंतर आखून चौकोनी बांधला. आल्फामाची जुनी गुंतागुंत बरीचशी टिकली. वरून खाली उतरताना हा फरक पायाला कळतो.

दुपारी एकच्या सुमारास कुठल्याही साध्या ताश्कात, म्हणजे खानावळीत, फळ्यावरचं ‘प्रातु दु दिया’, म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण, घ्या. दहा-बारा युरोत भरपेट होतं. ‘दोझ’, म्हणजे पूर्ण प्लेट, दोघांना पुरते, एकट्याने ‘मेया दोझ’, म्हणजे अर्धी, मागावी. बसताक्षणी पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज समोर येतं ते फुकट नसतं. नको असेल तर लगेच परत करा. न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या पदार्थाचे पैसे लावता येत नाहीत, तसा कायदाच आहे. तीननंतर स्वयंपाकघर बंद होतं ते साडेसातपर्यंत, आणि रविवारी बऱ्याच चांगल्या खानावळी उघडतच नाहीत.

कातळकडा

साफ असहमत. तुम्ही जे मोजलं ते पेना आहे आणि त्यावरून निकाल मात्र सगळ्या सिन्त्राचा लावताय. वगळायचं तर पेना वगळा, सिन्त्रा कशाला वगळायचं?

स्थानकातून उतरलं की 434 कडे बघायचंही नाही. गावातून सरळ चालत किंता दा रेगालैरा या जुन्या वाड्याच्या बागेत जायचं, वीस-पंचवीस मिनिटं, वाट बरीचशी सपाट. दार उघडायच्या वेळेला पोचलात तर आधी विहीर गाठा. सत्तावीस मीटर खोल आहे, आणि ती पाण्यासाठी खणलेलीच नाही. गोल जिन्याने तळाशी उतरायचं आणि भुयारातून तळ्याकाठी बाहेर यायचं. साडेअकरानंतर त्या जिन्यावर रांग लागते आणि मजा जाते. तिथून 435 च्या बसने मोन्सेरातचा राजवाडा. तिथे पेनाच्या मानाने माणसं फारच कमी. उद्यानात एक कोरीव भारतीय कमान उभी आहे, 1857 च्या उठावानंतर इथून गेलेली. फ्रान्सिस कुक या इंग्रज कापड व्यापाऱ्याने ती विकत घेतली. आपल्या माणसांनी ही कमान पाहावी आणि पेनाच्या गच्चीवरचा फोटो सोडावा. दुपारी चारला परतीच्या गाडीत बसता येतं, म्हणजे संध्याकाळ लिस्बनलाच.

आणखी एक. बेलेंमधला जेरोनिमुशचा मठ आणि सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, सिन्त्राचे राजवाडे मात्र उघडे. सोमवार मध्ये येत असेल तर तुमच्या चार दिवसांच्या बेतात त्या दिवशी काय करणार?

उतरंड

सोमवारी आल्फामा. गल्ल्या बंद नसतात. आणि त्याच कारणाने सोमवारी बाकीचे पर्यटकही सिन्त्राकडे वळतात, हे तुम्ही धरलेलं नाही. मोन्सेरातचा मुद्दा मात्र चांगला आहे. पाच दिवस असतील तर पाचवा तिकडे, एवढं मान्य.

मांडवीकाठ

तुमचं दोघांचं भांडण शहर की डोंगर यावर चाललंय, आणि बेलेंला पुरेसा वेळ द्यायचं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. गोव्या-महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी तरी असं करू नये.

जेरोनिमुशचं बांधकाम 1501 च्या सुमारास सुरू झालं ते पूर्वेकडून आलेल्या मालावरच्या पाच टक्के करावर. त्या दगडातली दोरखंडं, पोवळी, नांगर बघताना हे डोक्यात असलं पाहिजे. चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची कबर आहे. चर्चला तिकीट नाही, तिकीट आतल्या चौकाचं. दोन्हींच्या रांगा वेगळ्या असतात आणि लोक न विचारता लांब रांगेत उभे राहतात.

तिथून नदीकाठाने बेलेंच्या बुरुजाकडे चला. आत नाही गेलात तरी चालेल. पश्चिमेकडच्या टेहळणी-बुरुजाच्या बुडाशी एक झिजलेलं दगडी डोकं आहे, ते गेंड्याचं. गुजरातच्या मुजफ्फरशहाने आफोन्सु द आल्बुकेर्कला दिलेला गेंडा 1515 च्या जानेवारीत गोव्याहून जहाजावर चढला आणि 20 मेला लिस्बनला उतरला. पोर्तुगिजांनी त्याला ‘गांदा’ म्हटलं, म्हणजे आपलाच शब्द उचलला. पुढे पोपला भेट पाठवताना 1516 साली जहाजासकट बुडाला. ओहोटीला बुरुजाच्या जवळ जाता येतं तेव्हा हे डोकं नीट दिसतं.

नंतर दर्यावर्दींचं स्मारक. 1940 च्या प्रदर्शनासाठी ते तात्पुरतं उभारलं होतं. आता आहे ते 1960 चं, हुकूमशहा सालाझारच्या काळातलं काँक्रीट. त्यावर आल्बुकेर्क आहे आणि ओल्ड गोव्यात ज्याचं शव आहे तो फ्रान्सिस झेवियरही आहे. हे स्मारक पूर्ण झालं आणि पुढच्याच वर्षी, 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. त्याच्यासमोर उभं राहून एवढं तरी एकमेकांना सांगावं. पूर्ण दिवस द्या बेलेंला.

घाटवाट

मांडवीकाठ, माहिती उत्तम, पण निष्कर्ष पटला नाही. ज्या मिरीवर आणि ज्या मुलखावर हे उभं राहिलं त्याच मुलखातल्या माणसाने तिकिटं काढून त्याचा गौरव का पाहायचा? स्मारकावर चढायला पैसे, मठाला पैसे. आणि तिथल्या पाट्यांवर ‘शोध’ हाच शब्द. आपल्या बाजूने पाहिलं तर तो शोध कसला?

मांडवीकाठ

घाटवाट, ‘शोध’ या शब्दावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत. म्हणून तर पाहायचं. न पाहता तो शब्द खोडता येत नाही. आणि पैशांचं म्हणाल तर चर्च, बुरुजाची बाहेरची बाजू, स्मारकाचा पायथा हे सगळं फुकट आहे. पैसे खर्चायचेच तर प्राचीन कला संग्रहालयात खर्चा. बेलेंकडून परतताना वाटेत सान्तुशला उतरलं की जवळ. गोव्याकडच्या कारागिरांनी हस्तिदंत बसवून केलेली कपाटं तिथे आहेत, आणि तिथे आपल्या माणसांचा हात दिसतो.

पोह्यांची_बशी

जेवणाबद्दल धागाकर्त्याने फारच एकतर्फी लिहिलंय. प्रातु दु दिया हे जवळजवळ नेहमी मासे नाहीतर मांस असतं. शाकाहाऱ्याला फळ्यापुढे उभं करून उपयोग काय? घरात दोन शाकाहारी असतील तर पुढचं ध्यानात घ्या.

‘सें कार्न, सें पैश’ म्हणजे मांस नको, मासे नको. एवढं पुरत नाही, कारण ‘शोरिसु’ म्हणजे आपल्याकडे गोव्यात जिला चोरीस म्हणतात ती डुकराची सॉसेज, ती चवीपुरतीच आहे असं समजून टाकतात. ‘काल्दु व्हेर्द’ हे हिरव्या पानांचं सूप दिसायला शाकाहारी, पण वर चोरिसाचा काप असतोच, कधी रसही डुकराचा असतो. ‘सोपा द लेगुमेश’ तुलनेने सुरक्षित. बटाट्यावर दाट केलेलं असतं. ‘पैशिन्युश दा ओर्ता’ म्हणजे शब्दशः वाडीतले छोटे मासे, पण निघतात फरसबीची भजी. पिठात अंडं असू शकतं. समोशाला तिथे ‘शामुसा’ म्हणतात, गोव्याच्या वाटेने गेलेला. आत बहुधा चिकन किंवा बीफ, विचारल्याशिवाय उचलू नका.

चीज मात्र मनसोक्त खा. आझैतांव आणि सेर्रा दा एश्त्रेला ही मेंढीच्या दुधाची चीजं काटेरी रानफुलाच्या केसरांनी विरजतात, वासराच्या जठरातलं रेनेट हे विरजण वापरत नाहीत. युरोपात हे फार ठिकाणी मिळत नाही. आणि पोळी-भाजीवाचून अडत असेल तर लिस्बनच्या लुमियार भागात हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे, तिथल्या भोजनालयात शाकाहारी जेवण मिळतं.

नाताबद्दल, म्हणजे कस्टर्ड भरलेल्या छोट्या खुसखुशीत पेस्ट्रीबद्दल, कुणी बोललंच नाही. बेलेंचं 1837 पासूनचं दुकान प्रसिद्ध आहे ते योग्यच. पण फुटपाथवरची रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत निळ्या फरशांच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, शेकडो लोक बसतात. सरळ आत जाऊन बसा. दालचिनी आणि पिठीसाखर वरून घ्यायची. डबा भरून हॉटेलवर नेऊ नका. भट्टीतून निघाल्यावर तासा-दीड तासात पापुद्रा मऊ पडतो आणि मग लोक म्हणतात, ‘एवढं काय त्यात?’

साठीचे_गुडघे

‘चढा बसने, उतरा पायी’ हा सल्ला तरुणांचा आहे. गुडघ्याला त्रास चढताना कमी, उतरताना जास्त. तिथले फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या चौकोनी तुकड्यांचे, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की त्यावरून पाय सटकतो. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी आल्फामात राहायची जागा घेऊच नये. फोटोत सुंदर, प्रत्यक्षात टॅक्सी दारापर्यंत येत नाही आणि बॅगा पायऱ्यांवरून उचलाव्या लागतात. बायशा किंवा अव्हेनीदा भागात राहा.

चढ टाळायचे रस्ते शहरानेच केलेत, फक्त माहीत हवेत. रुआ दुश फान्केइरुशवर एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे. ती मादालेनाच्या रस्त्यावर सोडते. समोर थोडं चाललं की शांव दु लोरेरु या जुन्या मंडईच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. दोन्ही मिळून शहरावरच्या टेकडीवरील किल्ल्याच्या चढाचा मोठा भाग संपतो. तसंच बायशाहून वरच्या शियादु भागात जायचं तर बायशा-शियादु मेट्रोत शिरा आणि सरकत्या जिन्यांनी दुसऱ्या टोकाला निघा. तिकिटाचं फाटक मध्ये येत नाही.

उतारावरच्या दोरखंडाच्या ट्रॅमवर मात्र बेत बेतू नका. 3 सप्टेंबर 2025 ला ग्लोरियाची ट्रॅम घसरून सोळा माणसं गेली. त्यानंतर बाकीच्याही तपासणीसाठी थांबवल्या. जायच्या आठवड्यात चौकशी करा.

उतरंड

साठीचे_गुडघे, हा मुद्दा मी धरायलाच हवा होता. ज्येष्ठांसोबत असाल तर माझा क्रम उलटा करा: लिफ्टने किल्ल्यापर्यंत, आणि परत त्याच वाटेने. आल्फामा सान्ता आपोलोनिया स्थानकाकडून, खालूनच, जेवढं सपाट आहे तेवढं. शाकाहाराबद्दलही पोह्यांची_बशी यांचं लिखाण माझ्यापेक्षा उपयोगी आहे.

सिन्त्राबद्दल मत बदललेलं नाही.

कातळकडा

राहू द्या. पण निदान बस-ट्रॅम-मेट्रोच्या कार्डाचं तरी नीट सांगा, कारण तिथे सगळेच फसतात. नावेगान्त कार्ड अर्ध्या युरोला मिळतं आणि माणशी एक लागतं, एकावर दोघं जाता येत नाही. त्यात सुटे पैसे भरण्याची सोय आहे, तिला ‘झॅपिंग’ म्हणतात, आणि दिवसाचा पासही भरता येतो. पण दोन्ही एकाच वेळी त्याच कार्डावर चढत नाहीत. झॅपिंगची शिल्लक संपेपर्यंत मशीन पास नाकारतं आणि मागे रांग खोळंबते. पास हवा असेल तर सरळ दुसरं कार्ड घ्या. ट्रॅममध्ये चालकाकडून सुटं तिकीट काढलं तर जवळजवळ दुप्पट पडतं.

बेलेंला जाताना 15 नंबरच्या ट्रॅममध्ये चेंगरण्यापेक्षा काइश दु सोद्रेहून कॅशकाइशकडची लोकल पकडा. सात-आठ मिनिटांत बेलें. फक्त डब्यात चढण्याआधी गाडी तिथे थांबते का ते फलाटावरच्या पाटीवर वाचा. जलद गाड्या थांबत नाहीत.

मांडवीकाठ

आणि लोकलमध्ये डाव्या हाताला बसा. नदी त्या बाजूला.