मॉर्टिफाइड म्हणजे काय ओ?

बी-१०४ : सर, सी-३०२ च्या पोरानं काल रात्री आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलंय, 'आय ॲम मॉर्टिफाइड'. आमच्या हिला वाटलं पोरगं आजारी पडलं. म्हणजे काय ओ?

ए-२०१ : आजारी नाही, पण शब्दाच्या पोटात मरण आहे खरं. लॅटिनमध्ये 'मॉर्स' म्हणजे मृत्यू. मॉर्च्युरी त्याच घरातली. पूर्वी उपास करून, अंगाला कष्ट देऊन वासना मारायच्या, त्याला ख्रिस्ती लोक मॉर्टिफाय म्हणायचे. जखम सडून मांस मेलं की जुने डॉक्टरही मॉर्टिफिकेशनच म्हणत. आता वापरात उरलाय तो लाजेचा अर्थ. आपण 'मेल्याहून मेल्यासारखं झालं' म्हणतो की, अगदी तेच.

बी-१०४ : मग एम्बॅरस्ड वेगळं? पोरगी दहावीला आहे, म्हणून विचारतोय.

ए-२०१ : वेगळं. महाद्वार रोडला भर गर्दीत चप्पल तुटली, तर एम्बॅरस्ड. ओशाळलो, घरी आलो, विसरलो. आपलं चुकलं हे आत टोचत राहतं ते अशेम्ड, मग कुणी बघो न बघो. मॉर्टिफाइड म्हणजे चारचौघांत मान वर करता येत नाही असं. बारीकसारीक गोष्टीला लोक वापरतात हा शब्द, मला ते पटत नाही. आणि पोरीला सांगा, माणूस मॉर्टिफाइड, प्रसंग मॉर्टिफाइंग. माझे विद्यार्थी हमखास तिथंच चुकायचे.

सी-३०२ : सर, मी उगाच नाही लिहिलं. परवा गेटसमोर ॲम्ब्युलन्सला आडवी आलेली गाडी माझीच होती. मी रंकाळ्यावर, फोन सायलेंटवर. पोचलो तेव्हा आजींना स्ट्रेचरवरून पावसात रस्त्यापर्यंत चालत नेत होते. वॉचमनमामांनी त्यांच्या तोंडावर छत्री धरली होती, स्वतः चिंब भिजलेले. मराठीत लिहायला बसलो होतो, पण हात चालेना. इंग्रजीत पटकन लिहून झालं.

ए-२०१ : बाळा, म्हणूनच आता मराठीत लिही. आजींच्या घरी इंग्रजी कुणाला वाचायचंय?

सी-३०२ : काका, काकू, माझ्यामुळं आजींना पावसात न्यावं लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. वर यायचं धाडस होत नाही.

बी-४०३ : आईला दुपारी घरी आणलंय. जागी आहे. ये वर. आणि गाडी आत लावून ये.