लांग लांगचा बाप आणि 'पालकांनो, शिका!'

खमाज: सगळ्या ग्रुपांवर एकच फॉरवर्ड फिरतोय: 'चिनी पियानोवादक लांग लांगच्या वडिलांनी मुलासाठी पोलिसातली नोकरी सोडली, म्हणून आज जग त्याला ओळखतं. पालकांनो, शिका!' काय शिका? गाळलेला भाग मी सांगतो. नऊ वर्षांच्या पोराला घेऊन बाप शेनयांगहून बीजिंगला आला. तिथल्या शिक्षिकेने 'याच्यात काही नाही' म्हणत शिकवणी बंद केली. पुढे एकदा शाळेच्या कॉयरच्या (गायनवृंदाच्या) तालमीमुळे पोरगा उशिरा घरी आला, तर बापाने गोळ्यांची बाटली हातात दिली. मर म्हणाला, नाहीतर बाल्कनीतून उडी टाक. पोराने हात भिंतीवर आपटून घेतले आणि काही महिने पियानोला शिवला नाही. त्यानेच आत्मचरित्रात लिहिलंय.

रोखठोक: बापाशी पुढे जुळवून घेतलं, तेही त्यानेच सांगितलंय. ते गाळलंत. 1994 ला जर्मनीत एटलिंगेनची स्पर्धा, 1995 ला जपानमध्ये सेंदाईची, दोन्हीकडे पहिला. 1997 ला अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीतशाळेत पियानोवादक ग्रॅफमनकडे शिकायला. 1999 ला पियानोवादक आंद्रे वॉट्सच्या जागी ऐनवेळी उभा राहून शिकागो सिम्फनी या वाद्यवृंदाबरोबर चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो वाजवला, वय सतरा. 'मूड नसेल तर राहू दे हं बाळा' म्हणून हे होत नाही.

खमाज: पियानोची गोडी त्याला टॉम अँड जेरीतल्या, लिस्ट या संगीतकाराची रचना पियानोवर वाजवणाऱ्या मांजरामुळे लागली, बापामुळे नाही!

रोखठोक: आणि घरात पियानो मांजराने आणून ठेवला होता?

तानपुरा: तिसऱ्या वर्षापासून शेनयांगला झू याफेन शिकवत होत्या. पाचव्या वर्षी त्याने तिथली स्पर्धा मारली. म्हणजे पाया गोळ्यांच्या बाटलीआधीच पक्का होता. बाकी आपल्याकडे विशारदचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि षड्ज लागायची बोंब. परीक्षा केंद्रावर काय चालतं ते मी पाहिलंय, तोंड उघडायला लावू नका.

रोखठोक: विषय काय, बोलताय काय.

रत्नांग्रीची: बाप बाप काय लावलंय? आई कुठाय? त्याची आई झोउ श्यूलान शेनयांगला एकटी राहून टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करत होती. बीजिंगचं भाडं आणि शिकवणीची फी तिच्याच पगारातून. फॉरवर्डमध्ये तिचं नावसुद्धा नाही. आमच्याकडे हेच झालं. दादाला क्रिकेटसाठी घेऊन बाबा पुण्याला, आई इथे बँकेत. रात्री पापड लाटायची, त्याचे पैसे वेगळ्या डब्यात, दादाच्या बुटांसाठी. दादा संघात काही आला नाही. तरी लग्नात सगळे बाबांनाच म्हणाले, 'पोरासाठी केवढं केलंत!' आई शेजारी ताट घेऊन उभी होती.

तानपुरा: ताई, हे खरंय.

नाशिककर: दोघंही बीजिंगला गेले असते तर खायचं काय? कोणीतरी कमवायला हवंच. यात अन्याय कसला?

रत्नांग्रीची: मग 'कोणीतरी' नेहमी बाईच का हो? आणि पोर आईसाठी रडायचं त्याचं काय? अन्याय कसला म्हणता!

नाशिककर: माझ्या वडिलांनी दुबईत वर्षानुवर्षं काढली, त्यांच्यावर कोणी धागा काढला नाही.

रत्नांग्रीची: काढा की. अडवलंय कोणी?

खमाज: मुद्दा बापाच्या जाचाचा होता...

रोखठोक: मग अलाउद्दीन खाँसाहेबांनी स्वतःच्या मुलाला, सरोदवादक अली अकबरना, झाडाला बांधून मारलं, ते चालतं? तिथे गुरू म्हणून कान पकडता.

खमाज: नाही चालत. तेही चूकच. आणि भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गाण्यासाठी घरातून पळाले ते स्वतःच्या ओढीने, कोणी ढकललं म्हणून नव्हे.

रोखठोक: लांग लांगच्या बापाची पिढी सांस्कृतिक क्रांतीत भरडली गेली. हा बाप स्वतः अर्हू, म्हणजे दोन तारांचं चिनी वाद्य, वाजवायचा. एकुलतं एक पोर, त्यात सगळ्या घराची आशा. अशा माणसाला आपण एसीत बसून तराजूत घालायचं?

खमाज: परिस्थिती कळते. गोळ्यांची बाटली तरीही बसत नाही.

रोखठोक: बरं, बाटली सोडून देतो. खूश? पण नोकरी सोडली ती सोडली, ते कोणी खोडू शकत नाही.

रत्नांग्रीची: सोडता आली, कारण तिने सोडली नाही.