मदत हवी आहे: एकाच हॉटेलातल्या पिझ्झाबद्दल पाहुण्यांची दोन टोकाची मतं, पाठवू की नको?

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर आहे. त्यातल्या काही खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. वेळणेश्वर, हेदवी करायला आलेली कुटुंबं आमच्याकडे उतरतात. जेवण घरचंच असतं. घावन, आंबोळ्या, तळलेली सुरमई, सोलकढी, शाकाहारी असतील तर फणसाची भाजी नि उकडीचे मोदक. पण दोन दिवस झाले की मुलं पिझ्झा मागतातच. मग मी त्यांना गावातल्या लाकडाच्या भट्टीवर पिझ्झा करणाऱ्या हॉटेलात पाठवते. अडचण इथूनच सुरू होते.

दिवाळीत ठाण्याहून आलेलं एक कुटुंब तिथून इतकं खूश होऊन आलं, की निघायच्या दिवशी दुपारचं जेवण सोडून पुन्हा तिथेच गेलं. इटलीत खाल्ला होता तसाच लागला, म्हणाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी कोल्हापूरचे एक काका पार्सल घेऊन आले आणि पडवीत माझ्यासमोर डबा उघडून म्हणाले, "ताई, हे बघा. मध्ये पाणी, कडेला कोळसा. चारशे रुपये घेतलेत याचे." डब्याच्या झाकणाला आतून पाणी सुटलेलं होतं आणि टोमॅटोचा रस एका कोपऱ्यात साचला होता. मला काय बोलावं सुचेना.

गावातल्या लोकांचं मत तिसरंच. बाजारातल्या बेकरीत शंभर-सव्वाशेत पिझ्झा मिळतो, त्यावर भोपळी मिरची, कांदा, मका आणि चीज भरभरून असतं. इथे चार पट पैसे देऊन चीजचे मोजके तुकडे मिळतात आणि सॉस आंबट लागतो, असं शेजारच्या काकू म्हणतात. त्यांचा नातू मात्र तिथल्याच पिझ्झासाठी हट्ट धरतो.

मी स्वतः भट्टीसमोर उभी राहून बघितलंय. तो मुलगा लाटणं वापरत नाही. पिठाचा गोळा बोटांनी मधून बाहेर दाबत नेतो, कडा जाड ठेवतो. वर पळीभर सॉस, चीज, तुळशीसारखी ती पानं, आणि लांब दांड्याच्या फावड्यावरून पिझ्झा आत. बघता बघता कडा फुगते, तिच्यावर काळे ठिपके उमटतात, मग तो फावड्याने पिझ्झा फिरवतो. दीड-दोन मिनिटांत बाहेर. तुकडा उचलला की टोक खाली लोंबतं. मला आवडला. आमच्या ह्यांना नाही आवडला.

आमच्याकडचे बरेचसे पाहुणे जुन्या पाहुण्यांच्या सांगण्यावरून येतात. मी सुचवलेल्या जागी जेवण बिघडलं तर नाराजी माझ्या पदरात पडते. पाठवणं थांबवलं तर त्या मुलाचं गिऱ्हाईक तुटतं. तो आमच्याच वाडीतला. मुंबईत हॉटेलात कामाला होता, 2020 साली काम सुटल्यावर गावी आला, चिऱ्याच्या भिंती घालून स्वतः भट्टी बांधली. आज गावातल्या आणखी पोरांना तिथे काम आहे. गावात राहून कुणी असं काही उभं केलं तर ते टिकावं असं मला फार वाटतं.

तर मला जाणकारांकडून हे हवंय: पिझ्झा खरोखर कच्चा राहतो की तो तसाच असायचा असतो, हे कसं ओळखायचं? आणि इतकी उलटसुलट मतं येत असताना पाहुण्यांना काय सांगून पाठवावं?

प्रतिसाद: बेकरीवाला, चिपळूण

ताई, तुम्ही वर्णन केलंय ती इटलीतल्या नेपल्स शहराची पद्धत आहे. तिथल्या पिझ्झा संघटनेने (स्थापना 1984) नियमच लिहून ठेवलेत. भट्टी साधारण 430 ते 480 अंश सेल्सिअस आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत बाहेर. पिठात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, बस. तेल नाही, साखर नाही. सॉस शिजवत नाहीत, टोमॅटो नुसते कुस्करून मीठ घालतात, म्हणून तो आंबट-ताजा लागतो. कडेवर काळे ठिपके येणार, मध्यभाग मऊ राहणार. तिथले लोक तुकडा दुमडून खातात, नाहीतर सरळ काटा-सुरी घेतात. 2017 मध्ये युनेस्कोने या कारागिरीला वारसा यादीत घेतलं.

आपल्याकडे बहुतेकांनी खाल्लेला पिझ्झा निराळा असतो. तो बऱ्याच कमी आचेवर जास्त वेळ भाजतात, त्यामुळे बूड कडक होतं, वर चीजचा थर, सॉस गोडसर. ती चव मनात धरून गेलेल्याला इथला पिझ्झा अर्धवट वाटणारच. त्यांचं खाणं चूक नाही आणि त्या मुलाचं करणंही चूक नाही.

कच्चा आहे का हे मात्र बघून कळतं. तुकडा उलटा करा. बुडाला तपकिरी-काळे डाग असले आणि वर ओलावा असला, तर तो टोमॅटोचा नि ताज्या मोझरेला चीजचा ओलावा आहे. मग कडा फाडून बघा. आत मोठी भोकं, कोरडी जाळी असेल तर पीठ भाजलंय. पण बूड पांढरं असेल आणि सॉसच्या खाली चिकट, चकचकीत पिठाचा थर बोटाला लागत असेल, तर तो कच्चा. त्याची बाजू घेऊ नका, परत करायला सांगा.

एक विचारतो. तक्रारी कुठल्या वारी, किती वाजता आल्या याची काही नोंद आहे का?

प्रतिसाद: पुणेकर पर्यटक

वरचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण मला एक गोष्ट खटकते. चारशे रुपये देणाऱ्याला नेपल्सचे नियम माहीत असावेत अशी अपेक्षा का? टेबलावर कुणी येऊन दोन वाक्यं बोललं तर माणूस तयारीने खातो. आम्ही गेल्या वर्षी कोकणात अशाच एका ठिकाणी गेलो होतो. कार्डावर नुसती नावं आणि किमती. आईला वाटलं पिझ्झा करपलाय, ती कडा काढून ठेवत होती. वाढणाऱ्या मुलाने ते बघितलं आणि काहीच बोलला नाही. पदार्थ चांगला होता, तरी आईची संध्याकाळ वाया गेली. तुमच्या त्या मुलाला हे जरूर सांगा.

धागाकर्ती

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि आमची पाहुण्यांची वही काढून बसले. कोण कधी आलं, कधी गेलं ते तिच्यात असतं, बाकीचं ह्यांना नि मुलीला विचारून जुळवलं. चित्र बरंच स्पष्ट झालं. खूश होऊन आलेले जवळपास सगळे आडवारी गेलेले, नाहीतर संध्याकाळी सातच्या आत. नाराज झालेले शनिवारी रात्री गर्दीत गेलेले, किंवा पार्सल आणलेले. कोल्हापूरच्या काकांचं तर दोन्ही होतं, शनिवार आणि पार्सल. जुलैत एक जोडपं म्हणालं होतं की पिझ्झा वातड आणि कडक होता. ते मात्र यात कुठेच बसत नाही.

प्रतिसाद: बेकरीवाला, चिपळूण

मग अर्धं उत्तर तुमच्या वहीतच आहे. पिझ्झाचं बूड भाजते ती भट्टीची लादी, वरची बाजू भाजतो तो जाळ. एकामागून एक पिझ्झे टाकत गेलं की प्रत्येक ओला गोळा लादीतली उष्णता ओढून घेतो. जाळ तेवढाच दिसतो, वरून पिझ्झा झालेला दिसतो, कडेला ठिपकेही येतात, पण बूड पांढरं राहतं. गर्दीच्या रात्री घाई न करता मधून मधून लादी तापू द्यावी लागते. निखारे लादीवर पसरायचे, थोडं थांबायचं, झाडून घ्यायचं, मग पुढचा पिझ्झा. गिऱ्हाईक दहा मिनिटं जास्त थांबेल, पण तक्रार करणार नाही.

पार्सलचं म्हणाल तर हा पिझ्झा डब्यात घालण्याचा नाहीच. बंद खोक्यात वाफ कोंडते आणि मऊ बूड तीच पिऊन घेतं. द्यायचाच असेल तर जाळीवर दोन मिनिटं निववून, खोक्याला भोकं पाडून द्यावा. घरी आणलात तर ओव्हन नको, लोखंडी तवा कोरडा तापवा, मंद आचेवर पिझ्झा ठेवा, शेवटी मिनिटभर झाकण. बूड पुन्हा खुटखुटीत होतं.

प्रतिसाद: मालवणहून

जुलैच्या त्या जोडप्याचं उत्तर मी देतो. आमच्याकडेही लाकडाची भट्टी आहे, आम्ही त्यात पाव आणि मासे भाजतो. पावसात लाकूड ओलं असतं. ओलं लाकूड आधी स्वतःमधलं पाणी उडवतं, धूर करतं, भट्टी हवी तेवढी चढतच नाही. मग पिझ्झा चार-पाच मिनिटं आत राहतो, सुकतो आणि वातड होतो. पावसाळ्याची बेगमी म्हणून आपण घरचं जळण मे महिन्यात मांगरात भरतो, तसंच भट्टीचंही भरावं लागतं, आणि घरच्यापेक्षा कितीतरी जास्त. ओंडके आधी फोडून उन्हात चांगले वाळवायचे. सालासकट रचून ठेवलेले आतून ओलेच राहतात.

दुसरं म्हणजे लाईट. त्या मुलाकडे पीठ फ्रीजमध्ये ठेवत असतील. आपल्या हवेत यीस्ट झपाट्याने चालतं. दुपारी तीन-चार तास लाईट नसली की गोळे फुगून बसतात, आंबतात, ओढताना फाटतात. असं पीठ भाजल्यावर फिकट राहतं आणि कडा फुगत नाही. अशा दिवशी पिझ्झा नाही म्हणून पाटी लावावी. आम्ही पावाच्या बाबतीत तेच करतो.

प्रतिसाद: डोंबिवली, माहेर दापोली

ताई, अजून एक विचारून घ्या. तिथे कोळंबीचा पिझ्झा मिळतो का? मिळत असेल तर फावडं, कापायचं चाक आणि लादी एकच असणार. आमच्या घरात सासूबाई पूर्ण शाकाहारी, त्यांना हे नंतर कळलं तर जेवण जाईना. श्रावणात तर फारच. आधी सांगितलं तर निवड त्यांची राहते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी हॉटेल रिकामं असताना जाऊन त्या मुलाशी बोलले. वहीतल्या गोष्टी सांगितल्यावर तो गप्प बसून ऐकत होता. शनिवारी लादी थंड पडते हे त्याला माहीत आहे. "काकी, बाहेर तीस माणसं उभी असली की थांबायला धीर होत नाही," म्हणाला. यापुढे गर्दीच्या रात्री पिझ्झा आणि बाकीचे पदार्थ असे विभागून घेणार आहे, म्हणजे भट्टीला उसंत मिळेल. पार्सल फक्त गावातल्या गावात देईन म्हणाला. कोळंबी मिळते आणि लादी एकच आहे, शाकाहाराचं फावडं नि चाक वेगळं करायला तो लगेच तयार झाला. लादीचं तो स्वतः पाहुण्यांना सांगेल.

मी पाहुण्यांना पाठवत राहणार आहे, पण असं सांगून: साडेसहाला जा, तिथेच बसून खा, मध्ये मऊ असतो आणि कडेला डाग असतात, जाड चीजचा हवा असेल तर बाजारातली बेकरी चांगली आहे. आणि बूड पांढरं दिसलं तर संकोच न करता परत करा, त्याला राग येणार नाही, मी बोलले आहे.

मेमधल्या उकाड्यात फ्रीजशिवाय पीठ ताब्यात कसं ठेवायचं, एवढा एक प्रश्न उरला. बर्फाचं पाणी, मीठ वाढवणं, थोडं थोडं पीठ भिजवणं, यातलं कुणी करून पाहिलं असेल तर जरूर लिहा. सुट्ट्या लागायच्या आत मला त्याला सांगता येईल.