सरासरी वेग 4, तरी प्रवाह 3 च्या हिशेबाने का?

प्रश्न:
रहदारीचं नागेल-श्रेकेनबर्ग मॉडेल लिहिलंय: रस्ता म्हणजे घरांची रांग, गाडी दर सेकंदाला आपल्या वेगाइतकी घरं पुढे सरकते. त्यातलं लॉटरीने हळू होणं अजून घातलेलं नाही. 1000 घरांचा गोल रस्ता, एक लेन, 100 गाड्या. सगळ्यांचा कमाल वेग 5 ठेवला की एका जागेवरून दर सेकंदाला 0.5 गाडी जाते, म्हणजे प्रवाह 0.5 मिळतो. मग गाड्यांना 3, 4, 5 असे कायमचे कमाल वेग सारखे वाटून दिले. सरासरी 4, म्हणजे 0.4 हवा. येतो बरोबर 0.3. कोड चुकलाय का?

उत्तर 1:
कोड अगदी बरोबर आहे. ओव्हरटेकच नाही म्हटल्यावर सरासरी विसरा. 3 वाल्या प्रत्येक गाडीमागे तांडा साचतो, पुढे रस्ता मोकळा पडतो आणि शेवटी सगळ्या 3 नेच चालतात.

पण आता दुसरा फरक करून बघाच, माझा जीव त्यात अडकलाय! सगळ्यांना 5 द्या आणि प्रत्येक गाडीला अधूनमधून, लॉटरी काढून, एक पायरी हळू करा. 1992 च्या मूळ मॉडेलचा प्राण हाच आहे. दोन गाड्यांत नेमकी 5 घरं मोकळी आहेत असं धरा. पुढची क्षणभर 4 वर आली की मागचीला पुढच्या सेकंदाला 4 च घरं मिळतात. तिच्यावरही तेव्हाच लॉटरी निघाली तर ती 3 वर. तिसरीचं काय होईल ते तुम्हीच मोजा. कायमची हळू गाडी एकही नाही, तरी कोंडी होते आणि ती उलट दिशेने सरकते. काळ उभा, रस्ता आडवा असा आलेख काढा. काळे तिरके पट्टे दिसतील, त्याच कोंड्या. जपानमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 230 मीटरच्या गोल रस्त्यावर 22 खऱ्या गाड्या होत्या. अडथळा काहीच नव्हता, तरी कोंडी झाली आणि ताशी साधारण 20 किलोमीटरने मागे गेली.

प्रश्नकर्ता:
पट्टे दिसले! दुसरी लेन दिली तर 3 वाल्यांचा त्रास जाईल ना?

उत्तर 2:
विरळ रहदारीत बराच जातो. गाड्या वाढल्या की दोन हळू गाड्या शेजारीशेजारी येतात आणि दोन्ही लेन अडवतात, त्यामुळे मोजक्या हळू गाड्याही भारी पडतात. मी माणसांच्या गर्दीची सिम्युलेशन करते. रुंद वाटेत माणसं बाजूने निघून जातात, म्हणून चालींतला फरक तिथे बराच खपतो. अरुंद दाराशी गणित फिरतं. हेल्बिंग, फार्कश आणि विचेक यांच्या 2000 सालच्या मॉडेलमध्ये सेकंदाला साधारण 1.5 मीटरहून जास्त वेगाने निघायची घाई केली की माणसं दारात एकमेकांना घासून अडकतात आणि खोली रिकामी व्हायला उलट जास्त वेळ लागतो.

उत्तर 1:
मोजमाप घेण्याआधी सुरुवातीच्या काही हजार स्टेप (एक स्टेप म्हणजे एक सेकंद) सोडून द्या. तांडे जुळायला वेळ लागतो.