मदत हवी आहे : सरकणाऱ्या पेशीत आरएनए पुढच्या कडेला का नेतात?

नमस्कार मंडळी, मी सांगलीत एमएस्सीला आहे. पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे आणि एका जागी पार अडकलेय.

बीटा-ॲक्टिन या पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाचं मला पटलंय. कोंबडीच्या भ्रूणातल्या फायब्रोब्लास्ट पेशी सरकतात तेव्हा त्याचा एमआरएनए (म्हणजे ते प्रथिन बनवायचा संदेश) पुढच्या पसरट कडेशी जमतो. त्याच्या शेपटाकडे ५४ न्यूक्लिओटाइडचा (म्हणजे आरएनएच्या अक्षरांचा) पत्ता असतो, त्याला झिपकोडच म्हणतात. म्हणजे आपल्या पाकिटावरच्या ४१६४१६ सारखंच! झेडबीपी-१ हे प्रथिन तो पत्ता धरतं आणि वाटेत भाषांतर, म्हणजे संदेशावरून प्रथिन बनणं, होऊ देत नाही. कडेजवळ सार्क एन्झाइमनं त्याला फॉस्फेट जोडलं की पकड सुटते आणि ॲक्टिन तिथेच बनतं. हे वाचून मी किती वेळ नुसती चित्राकडे बघत बसले होते.

अडलंय ते रॅब-१३ या दुसऱ्या प्रथिनापाशी. त्याचा आरएनएसुद्धा सूक्ष्मनलिकांवरून (पेशीतल्या रुळांवरून) पेशीच्या टोकांना जातो. ते पोहोचणं बंद पाडलं तर पेशीचं सरकणं मंदावतं. पण प्रथिनाचं प्रमाण आणि वाटणी जवळपास तशीच राहते! मग फरक पडतो कशानं? प्रथिन बनता बनताच त्याला तिथे जोडीदार भेटतो, असं स्पष्टीकरण वाचलं, पण तो जोडीदार नंतर भेटला तर का चालत नाही, हे मला नीट सांगता येत नाहीये.

कुणी पेशीजीवशास्त्र शिकवत असाल तर प्लीज साध्या मराठीत समजावा. आणि सांगली-मिरजेत कुणाकडे फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप असेल, तर तासभर बघायला येऊ का?