जेली रोल मॉर्टन थापाड्या होता, मग त्याचं संगीतही थापच का?

आडताल
काल इथल्याच एका पोस्टमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ पियानिस्ट-रचनाकार मॉर्टनबद्दल वाचलं: "जेली रोल मॉर्टन म्हणजे 'जॅझ मीच शोधला' म्हणत फिरणारा बढाईखोर. कुंटणखान्यातला पियानोवाला, जुगारी, दलाल. बरा वाजवायचा, इतकंच." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते आवरेना, म्हणून हा धागा.

बढाई मारली, मान्य. 1938 साली 'बिलीव्ह इट ऑर नॉट'वाल्या रिप्लेच्या रेडिओ कार्यक्रमात संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीची ओळख जॅझ आणि ब्लूजचा जनक अशी करून दिली. मॉर्टनचं डोकं फिरलं. त्याने रिप्लेला लांबलचक पत्र धाडलं की जॅझ मी निर्माण केला, 1902 साली. 'डाउनबीट' या जॅझ मासिकाने ते छापलं. बाप्तिस्म्याच्या नोंदीनुसार जन्म 1890चा, म्हणजे स्वारी तेव्हा बारा वर्षांची. हसा खुशाल. पण पत्र लिहिताना हा माणूस वॉशिंग्टनमधल्या एका फुटकळ बारमध्ये वाजवत होता. रेकॉर्ड कंपनीने कधीच हात झटकले होते. आणि त्याच्याच 'किंग पोर्टर स्टॉम्प'वर 1935मध्ये क्लॅरिनेटवाल्या बेनी गुडमनच्या बँडने अमेरिका नाचवली होती.

आता हेडफोन लावून त्याचं 'ब्लॅक बॉटम स्टॉम्प' ऐका. शिकागो, सप्टेंबर 1926, सात माणसं, जेमतेम तीन मिनिटं. क्लॅरिनेट वाजून होतं, मग सगळे गप्प आणि एकटा पियानो. मग कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रम्पेट, त्याच्यामागे बँड नुसता ठोके देतो. मग बँजो. शेवटच्या फेरीपर्यंत ड्रमर हात राखून असतो आणि तिथे एकदम सुटतो. कोणी कधी गप्प बसायचं हे आधीच ठरलंय, आणि तरी सगळं आत्ता सुचल्यासारखं वाटतं. हे 1926 साली दुसरं कोण करत होतं?

तिरकस_तात्या
कालची पोस्ट माझीच, नाव घ्यायला लाजू नका. 'दुसरं कोण' म्हणे! कॉर्नेटवाला किंग ऑलिव्हर 1923 पासून रेकॉर्ड करत होता. लुई आर्मस्ट्राँगचा 'हॉट फाइव्ह' बँड 1925चा. न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवाला बडी बोल्डन तर त्याही आधीचा. त्याची एकही रेकॉर्ड नाही आणि 1907 पासून मरेपर्यंत तो वेड्यांच्या इस्पितळात, म्हणून श्रेय लाटायला रान मोकळं. शिवाय हाच मॉर्टन 'आमचं घराणं सगळं फ्रेंच' असं सांगून स्वतःला काळ्यांपासून वेगळा काढायचा. ते सोयीस्कर गाळलंत.

आडताल
गाळलं नाही, तिथवर पोचलोच नव्हतो. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल, म्हणजे फ्रेंच-आफ्रिकी मिश्र वंशाच्या घरांत ती अढी होतीच, त्याच्यात जरा जास्तच. बचाव करत नाही. पण बोल्डनचं श्रेय लाटलं म्हणता? लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकसंगीत गोळा करणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सने मॉर्टनला तासन्‌तास बोलतं केलं, तेव्हा बोल्डनची धून त्याने बोल्डनच्याच नावाने गायली.

मिनू_एडिसन
त्या मुलाखती मी न्यू जर्सीच्या बर्फात गाडी चालवताना ऐकल्या. तो बोलतो तेव्हाही डावा-उजवा हात हळूहळू कॉर्ड वाजवत राहतात आणि पायाचा ठेका चालूच. 'मेपल लीफ रॅग' ही रॅगटाइमची, म्हणजे जॅझच्या आधीच्या पियानो-प्रकारातली धून आधी सेंट लुईसच्या ढंगात वाजवून दाखवतो, मग आपल्या. दोन मिनिटांत कळतं रॅगटाइमचा जॅझ कसा झाला ते. थापाड्या असेल, पण मास्तर उत्तम. आमच्या गाण्याच्या बाई पंचवीस वर्षं 'असंच असतं' एवढंच सांगत आल्या.

तिरकस_तात्या
बाईंचा राग मॉर्टनवर ओवाळून टाकू नका. स्वतःचंच कौतुक आठ तास करणाऱ्याला मी मास्तर म्हणत नाही.

बार्देसकर
गुडमनचं नाव निघालं म्हणून. 'किंग पोर्टर' गाजली ती फ्लेचर हेंडरसनच्या अरेंजमेंटवर. धून मॉर्टनची, मांडणी हेंडरसनची, टाळ्या गुडमनला. आम्हा गोंयकारांना ही गोष्ट नवी नाही. माझे पाय, म्हणजे वडील, ट्रम्पेट वाजवायचे, मुंबईत धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोंयकारांच्या बिऱ्हाडात राहायचे. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्रीने, म्हणजे संगीतशिक्षकाने, वेताच्या छडीने सोलफेज (कागदावरचे स्वर वाचून गाणं) शिकवलेलं, म्हणून कागद समोर ठेवला की वाजवायचे. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणणार, साठ जणांसाठी स्वर कागदावर उतरवणार गोंयकार, आणि पडद्यावर नाव एकाचं.

हडपसरचा_पेटीवाला
आलं का पुन्हा! चाल सुचणं आणि कागदावर उतरवणं यात फरक आहे हो. संगीतकार सी. रामचंद्रांना, आमच्या अण्णांना, गोव्याच्या ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटने चाली दिल्या असंच म्हणायचंय ना? पुणतांब्याचा माणूस, स्वतः गाणारा. अण्णांवर असले शिंतोडे नकोत.

बार्देसकर
दिल्या कुठे म्हटलं? वाचायला शिका आधी. चिक चॉकलेट त्यांचे सहायक होते, 'अलबेला'त स्वतः बँडसकट दिसतात. त्या गाण्यांतली ट्रम्पेट काढून टाका आणि उरलेलं गुणगुणून बघा. पाय 1960च्या दशकात एका मोठ्या संगीतकाराकडे होते. मधल्या म्युझिकचे बारा बार (आवर्तनांसारखे तुकडे) पूर्ण त्यांचे. शिफ्टचे पैसे मिळाले, नाव नाही. म्हातारपणी ते गाणं रेडिओवर लागलं की ते तेवढ्यापुरता आवाज मोठा करायचे आणि मुखडा आला की बारीक.

हडपसरचा_पेटीवाला
वडिलांबद्दल आदर आहे. पण असं प्रत्येकाचे काका-मामा सांगतात. माझा आतेभाऊसुद्धा सांगतो.

बार्देसकर
आतेभाऊ स्टाफ नोटेशन वाचतो?

हडपसरचा_पेटीवाला
नाही. तबला वाजवतो. म्हणजे तबल्याला किंमत नाही, असंच ना? कागद आला की मोठे झालात.

आडताल
मंडळी, धागा मॉर्टनचा आहे.

मिनू_एडिसन
राहू दे ना, हेच जास्त रंगतंय. आणि संबंध आहे. टेडी वेदरफर्ड माहीत आहे का? मॉर्टनच्याच काळात शिकागोत पियानो गाजवत होता. 1926मध्ये, म्हणजे तुमच्या 'ब्लॅक बॉटम'च्याच वर्षी, आशियाकडे निघाला तो परत स्थायिक झालाच नाही. शांघाय, मग मुंबईचं ताज, शेवटी कलकत्ता. 1945मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला. त्याच्यासोबत वाजवून आपले गोव्याचे ट्रम्पेटवाले फ्रँक फर्नांड यांच्यासारखे लोक तयार झाले.

बार्देसकर
'आपले' म्हटलंत, देव बरें करूं. फिल्म लाइनमध्ये गेल्यावर 'आपले' राहत नाहीत, 'ते म्युझिशियन लोक' होतात.

तिरकस_तात्या
एक विचारतो. बार्देसकर म्हणतात लिहिणाऱ्याला श्रेय द्या. मॉर्टन स्वतः लिहायचा, 'जेली रोल ब्लूज' 1915मध्ये छापूनही आलं होतं. मग श्रेय का नाही मिळालं? तोंडामुळे! दातात हिरा बसवून 'सगळे माझंच चोरतात' म्हणत फिरलात तर खरी चोरी झाली तरी कोण विश्वास ठेवणार?

आडताल
म्हणजे चोरी झाली, हे मान्य.

तिरकस_तात्या
'झाली तरी' म्हटलंय. शब्द फिरवू नका.

आडताल
प्रकाशकांनी हक्काचे पैसे दिले नाहीत ही त्याची तक्रार होती, आणि रचनाकारांच्या संस्थेने त्याला 1939पर्यंत दारात उभं केलं नाही. 1941मध्ये लॉस एंजेलिसला वारला. गप्प बसला असता तर पैसे मिळाले असते का? बार्देसकरांचे वडील गप्पच बसले होते.

हडपसरचा_पेटीवाला
हे बाकी खरं. अण्णांबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

बार्देसकर
बदलू नका. आतेभावाला नमस्कार सांगा. कुठल्या गाण्यात आहे त्याचा तबला?

तिरकस_तात्या
'ब्लॅक बॉटम' ऐकलं. दोनदा. ड्रमर शेवटी सुटतो ते बरं आहे. याला शरणागती समजू नये. आणि आडताल, बँजोच्या आधी जो कॉर्नेट आहे, तो कोण वाजवतोय?

आडताल
जॉर्ज मिचेल.

तिरकस_तात्या
बघा. तीन परिच्छेद मॉर्टनवर लिहिलेत, त्याचं नाव विचारल्यावर सांगितलंत.